आवणीत चौघींची पाळी लांबली, ती गारठ्याने का?

प्रश्न : आमचं गाव पवन मावळात. यंदा आवणीला आम्ही सहा-सात जणी सावडीने एकमेकींच्या खाचरांत लावणीला जात होतो. तीन आठवडे रोज पोटरीभर चिखलात, वरून धो धो पाऊस. लावणी उरकल्यावर बोलता बोलता कळलं, चौघींची पाळी लांबली आहे. त्यातल्या दोघींची आठ-दहा दिवस उशिराने आली. माझी तारीख उलटून बारा दिवस झाले, अजून पत्ता नाही. सासूबाई म्हणतात, पोटात गारठा बसला, ओव्याचा काढा घे. जाऊबाई म्हणतात, एकीची लांबली की संगतीने सगळ्यांची लांबते. गारठ्याने खरंच पाळी लांबते का? आतल्या आत साठलेल्या रक्ताचं काय होतं? आणि गौरी तोंडावर आल्यात, नेमकी तेव्हाच आली तर गोळी घ्यावी का? वय २९, मुलगा ४ वर्षांचा. नाव छापू नये.

उत्तर : ताई, नाव छापत नाही, निर्धास्त राहा. (अशा प्रश्नांना छापील उत्तर देणं एके काळी अंगाशी येत असे. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत आणि वाचकांच्या खासगी शंकांना त्यात रोखठोक उत्तरं देत. त्या उत्तरांपायी खटला झाला. १९३४ साली कोर्टात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच.)

काढा, गारठा, गौरी हे सगळं नंतर. आधी गरोदरपणा तपासायची पट्टी आणा. ‘यंदा दमून आडवं व्हायचो, दिवस कुठले जाणार’ असं मनाशी म्हणू नका. एकदा संबंध आला असेल तरी शक्यता उरते. पट्टी कामशेतच्या मेडिकलमध्ये मिळेल. दुकानदार ओळखीचा म्हणून संकोच वाटत असेल तर गावातल्या आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं सरकारी किट मोफत असतं. सकाळची पहिली लघवी वापरा. दुसरी रेघ पुसट उमटली तरी उत्तर ‘हो’ असंच धरायचं. एकच रेघ आली तर आठवड्याने पुन्हा तपासा. पुन्हा का, ते पुढे ओघात येईलच.

आणि एक गोष्ट आत्ताच वाचून ठेवा. पाळी लांबलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली, खांद्याच्या टोकाला दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर काढ्याची वाट न बघता १०८ ला फोन करा. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला असेल तर असं होतं. नळी फुटली की पोटातल्या पोटात रक्त जातं आणि बाहेर दिसतात नुसते चार डाग. त्या डागांना बाया ‘आली एकदाची पाळी’ समजतात आणि तिथेच घात होतो.

आता गारठा. लोणावळा-खंडाळ्यात वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. ओल्याने आणि गारव्याने पाळी थांबत असती तर घाटमाथ्यावरच्या बायकांना जून ते सप्टेंबर ती आलीच नसती. पाय चिखलात गारठतात, बोटं सुरकुततात, सगळं खरं. पण पोटाच्या आत शरीर आपली ऊब राखून असतं. गर्भपिशवीपर्यंत खाचरातला गारवा पोचत नाही.

तरीही सासूबाईंचं निरीक्षण खोटं नाही. आवणीत पाळ्या लांबतात हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं असणार. पाहिलं ते बरोबर, कारण मात्र दुसरंच आहे. ते शोधायचं तर आधी तारखेचा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण जवळपास सगळ्यांची चूक तिथेच होते. पाळी लांबली की आपण कालचं-परवाचं आठवतो. काल भिजले, परवा दही खाल्लं, एकादशीचा उपास केला. पाळीची तारीख मात्र त्याच्या दोन आठवडे आधीच ठरून गेलेली असते.

ते असं. पाळी सुरू झाली की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा छोटासा भाग ठरावीक लयीत संदेश सोडतो, त्याखालची पियुषिका ग्रंथी तो पुढे पाठवते आणि अंडाशयात एक बीज पिकू लागतं. पिकून ते सुटलं की त्याच्या रिकाम्या जागेतून प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक पाझरतं आणि गर्भपिशवीच्या अस्तराला धरून ठेवतं. गर्भ रुजला नाही तर ही जागा साधारण चौदा दिवसांत सुकते, प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर सुटतं, पाळी येते. यातला दुसरा टप्पा, बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा, बराचसा ठरलेला आहे. दोन-तीन दिवस इकडेतिकडे. ताणला जातो तो पहिला. म्हणजे पाळी उशिरा आली असेल, तर बहुतेक वेळा त्याआधी बीज उशिरा सुटलेलं असतं.

तुमची तारीख १ ऑगस्टची होती असं धरू. मग बीज सुटायला हवं होतं १८ जुलैच्या सुमाराला. त्या दिवसांत तुम्ही कुठे होतात? खाचरात, कमरेत वाकून. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायच्या, पोराचं आवरायचं, रोपांच्या मुठी घेऊन बांधावर जायचं, दुपारचं खाणं उभ्या उभ्या नाहीतर इरल्याखाली बसून, आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा चूल. गडी चिखलणी करून विडी ओढायला बसतो. लावणी करणारीला मध्ये बसायला फुरसत नसते. शरीरात येतं त्यापेक्षा जास्त खर्च होतं, वर झोप अपुरी. हायपोथॅलॅमसला हा जमाखर्च कळतो. गर्भ वाढवायला ही वेळ बरी नाही असा त्याचा हिशेब होतो, संदेशांची लय मंदावते आणि बीज पिकायला जास्त दिवस लागतात. कधी त्या महिन्यात ते सुटतही नाही.

ही नुसती कल्पना नाही. नेपाळच्या डोंगरात राहणाऱ्या तमांग शेतकरी बायकांचा अभ्यास कॅथरीन पँटर-ब्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो १९९३ मध्ये छापून आला. बायकांच्या लाळेतलं प्रोजेस्टेरॉन त्यांनी ऋतूऋतूला मोजलं. पावसाळ्यात, शेतीची कामं अंगावर आली की ते उतरायचं, आणि ज्यांचं वजन घटलं त्यांचं जास्त उतरायचं. पुढे ग्राझिना याशेन्स्का यांना पोलंडच्या खेड्यातही तेच दिसलं. तिथे तर बायका पोटभर खात होत्या, वजनही फारसं घटत नव्हतं. नुसत्या कष्टाच्या महिन्यांत प्रोजेस्टेरॉन खाली यायचं. पवन मावळातल्या आवणीवर असा अभ्यास कुणी केला तर मला तरी उत्तर वेगळं येईल असं वाटत नाही. नेपाळच्या डोंगरात आणि तुमच्या तुंग-तिकोन्याच्या पायथ्याशी पाऊस तोच, वाकलेली कंबरही तीच.

आता जाऊबाईंची ‘संगत’. ही समजूत निव्वळ गावाकडची समजू नका. अमेरिकेत मार्था मॅक्लिंटॉक यांनी कॉलेजच्या वसतिगृहातल्या १३५ मुलींच्या तारखा नोंदवल्या आणि एकत्र राहणाऱ्या मैत्रिणींच्या पाळ्या जवळ येतात असं १९७१ साली ‘नेचर’मध्ये छापलं. जगभर ती गोष्ट पसरली. पुढे इतरांनी जास्त काटेकोर हिशेब मांडले तेव्हा ती टिकली नाही. साधं गणित आहे : चक्र अठ्ठावीस-तीस दिवसांचं असेल तर कुठल्याही दोघींच्या तारखांत जास्तीत जास्त पंधरवड्याचं अंतर असू शकतं, सरासरीने आठवड्याचंच. शिवाय चक्रं लहान-मोठी असल्याने त्या तारखा कधी जवळ येतात, कधी लांब जातात. जवळ आल्या की लक्षात राहतं, लांब गेल्या की कोण मोजतंय! तुमच्या चौघींनी एकमेकींना काही लावलेलं नाही. तुमचं काम एक होतं, एवढंच.

साठलेल्या रक्ताची काळजी सोडा, कारण रक्त साठलेलंच नाही. बीज सुटलं नाही म्हणजे अस्तर सुटायची आज्ञाच निघालेली नाही. ‘ते डोक्यात चढतं’, ‘त्याने वेड लागतं’ हे आजीच्या तोंडून आपण सगळ्यांनीच ऐकलं आहे. त्यात तथ्य नाही. एक मात्र खरं, जास्त दिवस जाड होत राहिलेलं अस्तर सुटलं की ही पाळी नेहमीपेक्षा अंगावरून जास्त जाईल, गाठीही पडतील. तासाला एक पॅड भिजू लागलं आणि असे दोन-तीन तास गेले तर दवाखाना गाठा. ओव्याचा काढा पोट फुगलं असेल तर जरूर घ्या. पाळी आणायची ताकद त्यात नाही, तिळात नाही, गुळातही नाही. लोणावळ्याची चिक्की ‘उष्ण’ म्हणून खाऊन पाळी आल्याचं सांगणारी मंडळी भेटतात. ती पाळी चिक्कीच्या आधीच निघालेली असते.

‘अंगात रक्त कमी, म्हणून पाळी येत नाही’ हेही सरसकट खरं नाही. रक्त कमी असणं आपल्याकडे घरोघरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. त्या निम्म्या बायकांच्या पाळ्या काही बंद नाहीत. बऱ्याचदा गाडी उलटी असते, अंगावरून जास्त जातं म्हणून रक्त कमी होतं. हिमोग्लोबिन तपासून घ्याच, पण लांबलेल्या पाळीचं खापर त्याच्यावर फोडून मोकळ्या होऊ नका.

दुसऱ्यांदा पट्टी का, ते आता कळलं असेल. बीजच उशिरा सुटलं असेल आणि तेव्हा दिवस गेले असतील, तर तुमच्या तारखेच्या हिशेबाने बारा दिवस झाले तरी गर्भ मात्र चार-पाच दिवसांचा असू शकतो. इतक्यात पट्टीला काही कळणार नाही.

दोन्ही पट्ट्यांवर एकच रेघ आली, तर आवणीचा शीण उतरला की पाळी आपोआप येईल. लांबलेल्या एका पाळीला औषध नसतं, तपासण्यांचा सपाटाही लागत नाही. पण आधी घरात काही गोळी-इंजेक्शन चाललंय का, ते आठवा. आरोग्य केंद्रातून मिळणारी ‘छाया’ ही गोळी सुरुवातीच्या काही महिन्यांत पाळी लांबवते. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शनने ती पुष्कळजणींची थांबतेच, आणि त्यात बिघाड काही नसतो. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायच्या गोळीने आठवडाभर मागेपुढे होते. ॲसिडिटीच्या कितीतरी गोळ्यांत डोम्पेरिडोन मिसळलेलं असतं. रोज घेतलं तर प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, पाळी रेंगाळते, कधी छातीतून दूध येतं. मनाच्या आजारावरच्या काही औषधांनीही तसंच होतं, पण ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. टायफॉइड, डेंगी असा मोठा ताप येऊन गेला तरी पुढची पाळी लांबते.

तीन महिने उलटले तरी आली नाही, किंवा वर्षभर पस्तीस-चाळीस दिवसांनीच येत राहिली, तर कार्ल्याच्या किंवा खडकाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनसाठी रक्त, गरज वाटली तर सोनोग्राफी, एवढ्यावर बहुतेक उलगडा होतो. पाळी हळूहळू अगदी थेंबभर होत गेली, बारीक ताप, वजन घटलेलं असं असेल तर गर्भपिशवीच्या क्षयाचाही विचार डॉक्टर करतात. आपल्या देशात तो अजून गेलेला नाही.

राहिल्या गौरी. पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉनचाच कृत्रिम भाऊ. तारखेच्या तीन दिवस आधीपासून सहसा दिवसातून तीनदा घेतात. घेत असेपर्यंत अस्तर धरून ठेवलं जातं, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण पुढे ढकलायला आधी तारीख माहीत हवी, आणि यंदा तुमची तारीखच हरवली आहे. गरोदर नाही याची खात्री झाल्याशिवाय ती घ्यायची नाही. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी गुठळी झालेली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, लिव्हरचा आजार असेल, तर मुळीच नाही. आणि या गोळ्यांनी दिवस राहायचे थांबत नाहीत. सणासुदीला मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय पाकीट काढून देतो म्हणून ती चॉकलेटची गोळी होत नाही.

घ्यावी की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर, गौर घरी येते ती माहेरवाशीण म्हणून. तिला तिची तारीख कुणी विचारत नाही. घरच्या लेकीसुनेला मात्र विचारतात, आणि तीन आठवडे खाचरात राबलेल्या शरीराला वर आणखी गोळी देतात, हे काही मला पटत नाही.

याच टपालातले आणखी तीन प्रश्न जवळचेच आहेत, म्हणून इथेच घेतो.

तळेगाव दाभाड्याची एक वाचक, वय १९, पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे ८०० मीटरचा सराव, संध्याकाळी व्यायाम, वजन कमी राहावं म्हणून रात्री नुसतं दूध. चार महिने पाळी नाही. ‘त्रास वाचला, बरंच झालं ना?’ असं तिने विचारलंय.

बरं झालेलं नाही. आवणीत जे तीन आठवड्यांत झालं तेच तुझ्या बाबतीत चार महिने चाललंय. पाळी थांबते तेव्हा अंगातलं इस्ट्रोजेनही तळाला गेलेलं असतं, आणि हाडं त्यावर पोसतात. विशी-पंचविशीपर्यंत हाडांत जेवढं भरशील तेवढ्यावर पुढचा जन्म काढायचा असतो. अशा मुलींच्या नडगीला पळता पळता बारीक चीर जाते आणि भरतीच हुकते. रात्रीचं जेवण आजपासून सुरू कर. भाकरी, उसळ, अंडं चालत असेल तर अंडं. आठवड्यातला एक दिवस पळायचं नाही. आणि तीन महिने उलटलेले आहेत, तेव्हा डॉक्टरांना दाखव. ‘पळण्यामुळेच असेल’ असं गृहीत धरू नकोस. प्रशिक्षकांना सांगायला लाजू नकोस. ऑलिंपिक समितीने २०१४ पासून खेळाडूंच्या या अवस्थेची रीतसर दखल घेतली आहे.

लोणावळ्याची वाचक, वय २४. पाळी दोन-दोन महिन्यांनी येते, डॉक्टरांनी पीसीओएस सांगितलं. ‘सोनोग्राफीत गाठी आल्यात, त्या काढाव्या लागतील का? कैवल्यधाम घराजवळच आहे, योगाने पाळी येईल का?’

त्या गाठी नाहीत, अर्धवट पिकून थांबलेली बीजं आहेत. काढायचं काही नसतं. नुसत्या सोनोग्राफीवर हा निकाल लागतही नाही. पाळी लांबणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची चिन्हं आणि सोनोग्राफी या तिन्हींतली दोन जुळावी लागतात. २००३ साली रॉटरडॅमला जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवलेला हा नियम थोड्याफार फरकाने अजून चालतो. मानेमागे काळपट जाडसर पट्टा असेल तर इन्सुलिनचं बिनसलंय, साखर तपासून घे. वजन जास्त असेल तर त्यातलं पाच ते दहा टक्के उतरलं तरी अनेकींच्या पाळ्या सुधारतात. तीन महिन्यांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नकोस. अस्तर जाड होत राहणं पुढे धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डॉक्टर गोळ्या देऊन ते मधून मधून उतरवतात.

योग कर, जरूर कर. झोप आणि ताण सुधारतो, व्यायाम होतो, आणि त्या वाटेने चक्रावर परिणाम होऊ शकतो. पण अमुक आसन केलं की चार दिवसांत पाळी, असं कुणी सांगितलं तर त्याला तुझ्याच गावच्या स्वामी कुवलयानंदांची आठवण करून दे. १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था काढणाऱ्या या माणसाने योगक्रिया एक्स-रेखाली आणि दाबमापकावर तपासून पाहिल्या, आणि निकाल त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. ऐकीव चमत्कारांवर त्यांची भिस्त नव्हती.

शेवटचा प्रश्न बाजारपेठेत दुकान चालवणाऱ्या ४६ वर्षांच्या बाईंचा. कधी चाळीस दिवसांनी, कधी अडीच महिन्यांनी पाळी, मध्येच अंगातून वाफा. ‘ही जायची चिन्हं की आजार? आणि आता काळजी घ्यायची गरज संपली ना?’

बहुतेक जायचीच चिन्हं. आपल्याकडे पाळी सरासरीने सत्तेचाळिशीच्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा चार-पाच वर्षं लवकर. अंडाशयातली बीजं संपत आली की कुठल्या महिन्यात सुटेल, कुठल्या महिन्यात नाही, याचा भरवसा राहत नाही. एकदा थायरॉइड बघून घ्या, कारण त्याची लक्षणं हुबेहूब अशीच असतात. काळजी घ्यायची गरज मात्र संपलेली नाही. बीज कधीतरी सुटतं म्हणजे दिवसही जाऊ शकतात, आणि या वयात पाळी लांबली की पट्टीचा विचारच कुणाच्या मनात येत नाही. पाळी पन्नाशीच्या आत थांबली तर पुढे दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवावं. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर एक डाग जरी दिसला, तर तो ‘परत आली वाटतं’ म्हणून सोडून द्यायचा नाही. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं.